घरातली गोटमार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव होतो. पात्रात रोवलेल्या पळसावरील झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव येथील लोक एकमेकांना रक्तबंबाळ करतात; आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. हे लोक परस्परांचे वैरी नव्हेत, शेजारी आणि सोयरे आहेत. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा व सौंसर हे मराठीभाषी तालुके वेगळे काढून नवा जिल्हा झाला; गोटमार मात्र थांबली नाही.

अशीच गोटमार मानवी देहातही चालते. जंतूंशी लढण्यासाठी सिद्ध असलेली रोगप्रतिकारशक्ती स्वकीयांनाच शत्रू समजू लागली की आमवात किंवा बालवयातील मधुमेह यांसारखे विकार जडतात. तिला आवर घालणाऱ्या पेशींच्या संशोधनाबद्दल २०२५ चे नोबेल पारितोषिक मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले.

या संयमाची एक शाळा आपल्या आतड्यात आहे. भात, मासळी, नारळ ही सारी देहाला परकीच. तरी आतडे त्यांच्याशी युद्ध पुकारीत नाही. अंड्यातील प्रथिन आधी खाऊ घातलेल्या गिनीपिगांना तेच पुढे टोचले असता प्राणघातक वावडे होत नाही, हे वेल्स यांनी १९११ सालीच दाखविले. मग ज्या प्रथिनावर देह चवताळतो, तेच रोग्याला पोटातून का देऊ नये?

प्रयोग झाले. उंदरांत यश आले. १९९३ साली आमवाताच्या रोग्यांना कोंबडीच्या कूर्चेतील प्रथिन दिले, तेव्हा आशा पालवली. पुढील मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही. तोंडावाटे दिलेल्या इन्शुलिनानेही मधुमेह एकंदरीत रोखला गेला नाही, असे २०१७ साली दिसून आले. उलट तान्ह्या वयापासून भुईमूग खाऊ घातलेल्या मुलांत त्याचे वावडे सुमारे ८० टक्क्यांनी घटले, हे २०१५ साली लंडनमध्ये सिद्ध झाले. तेथे शिकवण वैर जडण्यापूर्वी मिळाली होती. उंदरांतही बहुधा तसेच होते.

म्हणूनच आमचे सांगणे स्पष्ट आहे. ही विद्या आशादायक असली तरी या विकारांवर ती अद्याप उपचार ठरलेली नाही. कोणा भोंदूच्या पुडीवर विसंबून मुलाचे इन्शुलिन बंद करणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय. शास्त्रज्ञांनी मात्र रोग जडण्यापूर्वीच्या काळाकडे अधिक लक्ष द्यावे. दगड हातातून सुटल्यावर समजूत घालून काय उपयोग?