गळती थांबली आणि ब्रेक ऑइल बदलायचं राहून गेलं

झिरो फाट्याहून हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्याला यायचं आणि पुढे जवळा बाजारवरून औंढ्याकडे निघायचं, तर रस्ता बहुतेक काळ्या मातीच्या सपाट मुलखातून जातो. दोन्ही बाजूंना ऊस, हळद, सोयाबीन. घाट म्हणावा असा उतार लागत नाही. ब्रेकवर पाय जातो तो जनावर आडवं आलं, उसाची ट्रॉली मधेच वळली किंवा गतिरोधक आला तर, तेही तेवढ्यापुरता. त्यामुळे ब्रेकमधलं ऑइल खराब झालंय हे इथल्या गाडीवाल्याला इथल्या रस्त्यावर कधी कळतच नाही. कळतं ते माहूरचा गड उतरताना, नाहीतर वणीच्या देवीचं दर्शन घेऊन नांदुरीकडे येताना. गाडी माणसांनी भरलेली असते, मागे लेकरंबाळं असतात आणि वळणामागून वळणं घेताना पेडल अचानक मऊ पडतं. दुसऱ्यांदा दाबावं तर आणखी खाली जातं.

गेल्या चाळीसेक वर्षांतल्या आपल्या गाड्या डोळ्यांसमोर आणल्या की या धोक्याचं मूळ सापडतं. पूर्वी ब्रेक सारखे बिघडायचे, म्हणून त्यातलं ऑइल आपोआप नवं होत राहायचं. आताच्या गाड्यांचे ब्रेक वर्षानुवर्षं बिघडत नाहीत, म्हणून ऑइल आहे तिथेच जुनं होत पडतं. गाड्या सुधारल्या, पण त्यांच्या या एका गरजेकडे आपलं दुर्लक्ष झालं.

चाळीसेक वर्षांपूर्वी हट्टा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. सुट्या भागांसाठी माणूस परभणीला नाहीतर नांदेडला धाडावा लागे. रस्त्यावर राज्य होतं जीपचं. महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली आणि त्याच वंशातल्या गाड्या पुढे मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून धावल्या. जोडीला १९८८ पासून बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि चारही चाकांना मिळून ऑइलची एकच वाट. एका चाकाचं रबरी वॉशर फाटलं की सगळं ऑइल तिथून निघून जायचं आणि चारही ब्रेक एकदम गायब. टायरच्या आतल्या बाजूला ओला काळपट डाग दिसला की ड्रायव्हर समजून जायचा. मग मिस्त्री ड्रम खोलणार, व्हील सिलिंडरला नवं किट टाकणार, एअर काढणार आणि नवं ऑइल भरणार. वर्षा-दीड वर्षात हे एकदा तरी व्हायचंच. ऑइल बदलायचं असा विचार कुणाच्या मनात नव्हता, पण ते बदललं जात होतं.

पद्मिनी आणि अँबॅसिडरचंही थोड्याफार फरकानं हेच. चित्र बदललं ते मारुतीपासून. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९८६ च्या नव्या रूपात तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम मिळाले आणि हाच साचा पुढच्या बहुतेक छोट्या गाड्यांनी उचलला. ऑइलच्या वाटा दोन झाल्या. एक फुटली तरी दुसरीवर गाडी थांबते. रबर सुधारलं, नळ्या सुधारल्या. १९९८ ला इंडिका आली, २००५ ला टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती आला आणि पाहता पाहता खेड्यातल्या दारात चारचाकी उभी राहिली. ही फार मोठी सुधारणा होती आणि तिनं अनेकांचे जीव वाचवले यात मला शंका नाही. पण गळती थांबली तशी खोलाखोलही थांबली. आज हट्ट्यासारख्या गावात दहा-बारा वर्षांच्या गाड्या आहेत. त्यांचं इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललं जातं, हवा-पाणी बघितलं जातं आणि ब्रेकमध्ये मात्र कंपनीतून निघतानाचंच ऑइल असतं.

त्यानं काय बिघडतं, ते या ऑइलच्या स्वभावात आहे. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसानं १९१७ मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडीला चारही चाकांना असे ब्रेक लागले. त्या काळात ब्रेकमध्ये काय भरत? मद्यार्क आणि एरंडेल! आपल्याकडे बांधावर आपोआप उगवणाऱ्या एरंडीचं तेल. ते वंगणाचं काम करी आणि तेव्हाच्या रबराला सोसत असे; खोट मद्यार्काची होती, तो उष्णतेनं लवकर उकळायचा. म्हणून पुढे ग्लायकॉल इथर जातीची रसायनं आली. आज डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं ते हेच. नावाला ऑइल, पण यात खनिज तेल नाही.

हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि सगळी गोम इथे आहे. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाच्या बारीक छिद्रातून आणि रबरी नळ्यांच्या अंगातून पावसाळ्यामागून पावसाळे ओल आत झिरपत राहते. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशाला उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १४० अंशावर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. लांब घाट ब्रेक दाबत उतरताना डिस्क इतकी तापते की तिला पकडणाऱ्या कॅलिपरमधलं ऑइल १४० अंशाला सहज पोचू शकतं. ऑइल उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर तो पायाचा जोर चाकापर्यंत नेतो. वाफ झाली की तो जोर वाफ दाबण्यातच संपतो. दिवसभर नीट लागलेला ब्रेक घाटात दगा देतो तो यामुळे. शिवाय आत शिरलेलं पाणी सिलिंडरला आतून गंज चढवतं, ते वेगळंच.

बहुतेक कंपन्या दोन ते तीन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात, गाडी कमी चालली असली तरीही. आपल्याकडे बदलण्याऐवजी टॉप-अप करतात. टाकीतली पातळी उतरली की वरून थोडं ओततात. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच; जास्त उतरली तर कुठेतरी गळती आहे. दोन्ही वेळा वरून ओतणं हा उपाय नाही. जुन्या ऑइलवर नवं ओतल्यानं कॅलिपरमधली ओल जात नाही. ती चाकाकडूनच बाहेर काढावी लागते.

आणि हे काम घरच्या अंगणात होतं, हे मी आवर्जून सांगतो. अवजड यंत्र लागत नाही. जॅक, दोन भक्कम घोड्या, चाकाजवळच्या ऑइल सोडायच्या निपलला बसणारा रिंग पाना (बहुतेक गाड्यांना ८ किंवा १० नंबरचा), पारदर्शक नळी, एक बाटली आणि सीलबंद डब्यातलं ऑइल. छोट्या कारला अर्धा ते एक लिटर पुरतं. जनावरांना टोचायची मोठी नवी सिरिंज घेतली तर टाकीतलं काळं ऑइल आधी ओढून घेता येतं. टाकीत नवं भरायचं आणि मग चाकांकडे वळायचं. इंजिन बंद, गाडी सपाट जागी, जमिनीवरच्या चाकांना दगड लावलेले.

यंत्रापेक्षा लागतो तो माणूस. एक पेडलवर, एक चाकाशी. घरचा पोरगा आत बसतो, बाप खाली पाना धरून.

"मार... मार... मार. आता धर."

"धरलं, बाबा."

मग पाव आटा निपल सैल करायचं. नळीतून ऑइल येतं, पेडल खाली जातं. निपल घट्ट करायचं आणि त्यानंतरच "सोड" म्हणायचं. हा क्रम चुकला, निपल उघडं असताना पाय सुटला, की हवा आत ओढली जाते आणि काम पहिल्यापासून करावं लागतं. पहिल्यांदा येतं ते काळपट, कोऱ्या चहासारखं. काही वेळा त्यात गंजाचे बारीक कण दिसतात. हळूहळू रंग उजळतो, बुडबुडे थांबतात आणि नळीत फिकट सोनेरी ऑइल उभं राहतं. तोवर टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. दर पाच-सहा पेडलांनंतर उठून बघायचं.

कोणतं चाक आधी? पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं. परदेशी व्हिडिओत उजवं मागचं चाक आधी घेतात, कारण तिथं स्टिअरिंग डावीकडे असतं. आपल्याकडे साधारणपणे डावं मागचं आधी येतं. तरीही गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. जुन्या गाडीच्या पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. पेडल तळाला गेलं की मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या गंजलेल्या भागावरून घासतं आणि चांगला सिलिंडर निकामी होतो. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवावं, नाहीतर पत्र्याचा रंग उडतो. इंजिन ऑइल किंवा डिझेलचा थेंबही ब्रेकमध्ये जाऊ देऊ नये. रबर फुगतं आणि सगळी किटं बदलावी लागतात. काढलेलं ऑइल बांधावर, नाल्यात ओतायचं नाही. ते विषारी आहे, आणि आपल्या दारात जनावरं असतात. बंद डब्यात ठेवून गाडीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावं.

एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्यानं घरच्या कामाला थोडी मर्यादा आली, पण ते बंद झालं नाही. टाकी कोरडी पडू न देता बदलायचं असेल तर घरी जमतं. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली, तर ती काढायला अनेक गाड्यांना स्कॅनर लागतो, आणि मग परभणी-नांदेडचं सर्व्हिस सेंटर गाठावं. निपल गंजून बसलं असेल तर जोर करू नये. ते तुटलं तर कॅलिपरच जातो. मोटारसायकलींनाही डिस्क आली, आणि त्यांच्या हँडलवरच्या इवल्या टाकीकडे तर कुणीच बघत नाही. त्यातलं ऑइल तितकंच जुनं होतं.

पूर्वीच्या मिस्त्रींबद्दल मला आदर आहे. उघड्यावर, हाताशी असेल त्या पान्यांनी त्यांनी गाड्या थांबत्या ठेवल्या. नव्या गाड्यांना त्यांच्याइतकं कौशल्य लागत नाही, तारीख लक्षात ठेवणारा मालक लागतो. तेव्हा या सुट्टीत माहूरला, वणीला किंवा कोकणात उतरायचा बेत असेल, तर आधी बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवून बघा. आठवत नसेल तर निघण्याआधी बदला. बदललं की इंजिन चालू करून पेडल घट्ट लागतंय का पाहा, मोकळ्या जागेत सावकाश गाडी फिरवून ब्रेक तपासा, आणि महिना व साल एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.