व्यापारी इंग्रजीचा वऱ्हाडी हेल

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात वऱ्हाडचा कापूस ‘ऊमराज’ या नावाने विकला जात असे. हे नाव म्हणजे इंग्रजी जिभेवर झिजलेली अमरावतीच होय. आणि त्याच जिभेने यवतमाळचे जे ‘येओटमल’ केले, ते पुढे कित्येक वर्षे सरकारी दफ्तरांत, नकाशांत आणि जिल्ह्याच्या गॅझेटियरवर सुखेनैव नांदत राहिले. 1853 च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून लँकेशायरच्या गिरण्यांची रसद तुटली, आणि येथल्या काळ्या मातीतील रुईकडे साऱ्या इंग्लंडची दृष्टी लागली; परंतु एवढ्या उलाढालीत अमरावतीचा उच्चार नीट करा, असे कोणी साहेबाला सुनावल्याचे ऐकिवात नाही. उच्चारशुद्धीचा तगादा नेहमी एकाच बाजूला लागतो.

तो आता यवतमाळच्या तरुणाला लागला आहे. जीनचा हिशेब पाहणारा मुनीम असो, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील अधिकारी असो, किंवा दारव्ह्याहून निघून पुण्यातल्या कचेरीतून परदेशस्थ ग्राहकाशी रात्री बोलणारा अभियंता असो, ‘तुमचे इंग्रजी ठीक आहे, उच्चार तेवढे सुधारा’ हा शेरा त्याला केव्हा तरी मिळतोच. शेरा मारणाऱ्याला नेमके काय खुपते, हे मात्र त्यात कधी लिहिलेले नसते.

बहुधा वर्णांकडे बोट दाखवले जाते. इंग्रजी ‘टी’ आणि ‘डी’ यांचे स्थान आपल्या दंत्य त-द आणि मूर्धन्य ट-ड यांच्या मधोमध, वरच्या हिरडीवर आहे. त्या मधल्या जागेचा वर्ण आपल्यापाशी नसल्यामुळे आपण तो मूर्धन्यात टाकतो, आणि ‘टेबल’ व ‘डॉक्टर’ आपल्या तोंडी इंग्रजापेक्षा ठसठशीत होतात. ‘थँक्यू’तला आपला थ जिभेचा शेंडा दातांवर आपटून निघतो, त्यांचा दातांतून घासत जातो. पण मराठी माणसाची शिल्लकही कमी नाही. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतील स्वरांसाठी आपण लिपीत चिन्हे करून घेतली. ‘झिरो’ म्हणताना लागणारे घर्षण आपल्या ‘झाड’ या शब्दाने आधीच शिकवून ठेवले आहे. आणि ‘वेस्ट’ व ‘व्हेस्ट’ असे वेगळे लिहिण्याची आपली रीत तर अगदी स्वतःची आहे, मग तो ‘व्ह’ इंग्रजाला किंचित श्वासाळलेला का वाटेना.

येथे एक गंमत आहे. पुणेकर ज्या खुणांवरून वऱ्हाडी माणसाला पहिल्याच वाक्यात ओळखतो, म्हणजे ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’, त्यांना इंग्रजीत वावच नाही, कारण ळ आणि ण ही अक्षरे ज्यांना लागावीत असे शब्दच त्या भाषेत नाहीत. वर्णांच्या दरबारात यवतमाळ आणि सदाशिव पेठ अशा रीतीने समान पायरीवर येतात. उरतो तो हेल, आणि माझ्या मते खरा तंटा त्याचाच आहे.

मराठीत भर द्यायचा तो आपण बहुतांशी अव्ययांनी देतो. ‘आजच धाडतो ना बापा!’ या वऱ्हाडी वाक्यात ‘च’ निश्चय सांगतो, ‘ना’ समजूत घालतो आणि ‘बापा’ जवळीक करतो. आवाज चढला काय, उतरला काय, अर्थाला फारसा धक्का लागत नाही. इंग्रजीत ही सगळी कामगिरी आवाजाच्या चढउतारावर सोपवलेली आहे. आपला माणूस ते वाक्य इंग्रजीत नेतो तेव्हा ‘आय विल सेंड टुडे ओन्ली’ असे म्हणतो. तेथे ‘च’ आपल्या जागी ‘ओन्ली’ होऊन शाबूत राहतो, पण ‘ना’ आणि ‘बापा’ यांना वेशीवरच थांबावे लागते. पलीकडचा श्रोता ‘टुडे’वर आवाज उंचावेल म्हणून कान लावून बसलेला असतो, त्याला एका पातळीवरची, प्रत्येक अक्षराला सारखे वजन देणारी ओळ ऐकू येते, आणि तो समजतो की हा गृहस्थ एकतर उदासीन आहे किंवा रागावलेला आहे.

हा गैरसमज काल्पनिक नव्हे. जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञाने एका मोठ्या ब्रिटिश विमानतळावरील उपाहारगृहाचा दाखला दिला आहे: तेथे वाढणाऱ्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द उतरत्या स्वरात म्हणत, आणि गिऱ्हाइकांना तो उद्धटपणा वाटे, तोच शब्द चढत्या स्वरात म्हटला असता तर ‘रस्सा वाढू का?’ अशी विचारणा झाली असती. ज्या भाषेत ‘का’ हा स्वतंत्र शब्द प्रश्नाचे काम करतो, तिच्या माणसाला हे एरवी सुचावे कसे? आपल्या पत्रव्यवहारात ‘काइंडली’ हा शब्द इतक्या मुक्तहस्ताने का पेरलेला असतो, याचे कारणही मला येथेच दिसते. स्वरातून देता न आलेले आर्जव आपण शब्दातून चुकते करतो.

हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील आर. के. बन्सल यांनी 1969 मध्ये भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही शब्दावरचा आघात आणि वाक्याची लय यांना मोठे स्थान आहे. पुढे 2000 मध्ये जेनिफर जेंकिन्स या विदुषीने, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांच्या आपापसातील व्यवहाराला काय अपरिहार्य आहे याची छाननी करून, ‘थ’च्या घर्षणाला सरळ रजा दिली आणि वाक्यातील मुख्य आघात मात्र कायम ठेवला. उच्चारवर्गांत जीभ दातांमध्ये धरण्याची जी कवायत चालते तिचे वेळापत्रक अद्याप या निर्णयाप्रमाणे दुरुस्त झालेले दिसत नाही.

व्यापाराला याची झळ सर्वांत जास्त आकड्यांत लागते. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतील फरक बराचसा आघातावर तोललेला; दोन्हींत पहिल्याच अवयवावर जोर दिला आणि दूरध्वनीने शेवटचा अनुनासिक गिळला, तर 170 किलोच्या पंधरा गाठींच्या पन्नास व्हायला कितीसा उशीर? 356 किलोच्या खंडीवर भाव ठरवणाऱ्या रुईच्या व्यवहारात हा घोटाळा परवडणारा नाही. म्हणून सावध दलाल आकडा सुटा करून ‘वन फाइव्ह, फिफ्टीन’ असा दोनदा उच्चारतो, समोरच्याकडून वदवून घेतो, आणि सौदा लेखी आल्याखेरीज गाठ हलू देत नाही.