डिकीचा कोपरा, २० लिटर हवा आणि बेसाचं ऊन: फायबरचा सबवुफर बॉक्स कसा बनतो

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेले "म्हणजे" आणि "अं" काढलेत, बाकी तसंच ठेवलंय. गाडी चालवत ऐकत असाल तर आकडे नंतर इथे येऊन बघा.)

आजचा विषय बऱ्याच दिवसांपासून मेसेजमध्ये फिरतोय. "दादा, हॅचबॅक आहे. डिकीत सबवुफरचा डबा ठेवला तर बॅगा कुठं ठेवायच्या? तो फायबरचा, कोपऱ्यात बसणारा बॉक्स घरी बनतो का?"

बनतो. बेसात, मनीषनगरात, कुठेही बनतो. पण त्याचे व्हिडिओ बहुतेक थंड देशातले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्या व्हिडिओतलं प्रमाण इथं जसंच्या तसं वापरलं तर रेझिन मगातच दगड होतं. म्हणून आज दोन गोष्टी नीट समजून घेऊ. बॉक्समध्ये किती हवा हवी, आणि आपल्या हवामानात रेझिन कसं वागतं. बाकी सगळी मेहनत आहे, ती येते करता करता.

आधी हा प्रश्न: फायबर पाहिजेच का?

डिकीत चौकोनी डबा बसत असेल तर सुताराकडून १८ मिलिमीटरच्या एमडीएफ किंवा प्लायचा बॉक्स करून घ्या. स्वस्त पडतो, एका दिवसात होतो, आवाजात काही कमी नसतो. फायबरमुळे बेस वाढतो हा गैरसमज आहे.

फायबरचा फायदा एकच, पण मोठा आहे. चाकाच्या फुगवट्यामागे, टेललॅम्पच्या खाली जी वेडीवाकडी जागा असते तिथं काहीच ठेवता येत नाही. फायबर त्या जागेचा आकार घेतं. स्विफ्टसारख्या गाडीची डिकी साधारण २६५ लिटरची. त्यातला बिनकामाचा कोपरा वापरला तर बाकी डिकी तुमचीच राहते. मागे सीएनजीची टाकी असेल तर मात्र हा नाद सोडा. टाकीच्या व्हॉल्व्हजवळ बॉक्स आणि वायरिंग कोंबण्यापेक्षा सीटखाली बसणारा छोटा सबवुफर बरा.

बॉक्समध्ये असतं काय? हवा!

सबवुफरचा कोन मागेपुढे हलतो तेव्हा समोरून आणि मागून उलट्या लाटा निघतात. त्या एकत्र आल्या की एकमेकींना मारतात. म्हणून मागची लाट कोंडायची, हे बॉक्सचं पहिलं काम. दुसरं काम जास्त महत्त्वाचं: आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी काम करते. कोन बाहेर गेला की आत ओढते, आत आला की बाहेर ढकलते. ही कल्पना एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत स्पीकरमध्ये वापरली. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात तिचं पूर्ण गणित मांडलं. सबवुफरच्या डेटाशीटवर थिएल-स्मॉल पॅरामीटर्स लिहिलेलं असतं ना, ते हेच दोघं.

त्यातले तीन आकडे बघायचे: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. समजा १० इंची सबवुफर आहे; एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ३० लिटर. बंद बॉक्समध्ये आपल्याला साधारण ०.७ चा एकूण क्यू हवा असतो. त्यात बेस सपाट आणि घट्ट येतो. सूत्र सोपं आहे. ०.७०७ ला ०.४५ ने भागा, वर्ग करा, त्यातून १ वजा करा. येतात साधारण १.४७. आता ३० ला त्याने भागा. उत्तर सुमारे २० लिटर. अशा बॉक्समध्ये बेस साधारण ५० हर्ट्झच्या खाली उतरायला लागतो.

हाच सबवुफर "जागा नाही" म्हणून १० लिटरमध्ये कोंबला तर? एकूण क्यू जातो ०.९ वर आणि उतार सुरू होतो ६४ हर्ट्झपासून. ढोलाचा ठोका घुमतो, पण खालचा खोल सूर गायब. लोक म्हणतात सबवुफर खराब निघाला. त्या बिचाऱ्याला हवाच मिळाली नव्हती.

पण १८ लिटर झाले तर? क्यू होतो ०.७३. कानाला फरक कळणार नाही. म्हणूनच पहिला फायबर बॉक्स बंदच करा, पोर्टवाला नको. पोर्टचं ट्युनिंग आतल्या लिटरवर अवलंबून असतं, आणि वेड्यावाकड्या आकारात लिटर आधी अचूक सांगता येत नाहीत. बंद बॉक्स दोन लिटर इकडेतिकडे माफ करतो.

शिवाय गाडी स्वतः मदत करते. खालच्या सुराची लाट खूप लांब असते. ४० हर्ट्झची साधारण साडेआठ मीटर. ती केबिनमध्ये मावतच नाही, मग पूर्ण केबिनमधला दाब वरखाली होतो आणि खालचा बेस आपोआप वाढतो. अडीच मीटर लांबीच्या केबिनमध्ये हे साधारण ७० हर्ट्झच्या खाली सुरू होतं. बंद बॉक्सचा बेस जिथं उतरतो, तिथं गाडी त्याला वर उचलते.

सामान

४५० जीएसएमची चॉप्ड स्ट्रँड मॅट, जनरल पर्पज पॉलिस्टर रेझिन, हार्डनर, ब्रश, लोखंडी रोलर, मास्किंग टेप, अॅल्युमिनियम फॉइल, १८ मिलिमीटरची एमडीएफ रिंग, ताणला जाणारा फ्लीसचा कपडा आणि बॉडी पुट्टी.

किती लागेल? कोपऱ्यातल्या २० लिटरच्या बॉक्सचा पृष्ठभाग धरा ०.६ चौरस मीटर. मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटरचा होतो, आपल्याला ५-६ थर हवेत. म्हणजे मॅट सुमारे दीड-पावणेदोन किलो. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं, म्हणजे साडेतीन-चार किलो. वाया जाणारं धरून ५ किलो घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: डोळे, धूर आणि ऊन

हा भाग दोनदा ऐका, राजेहो.

हार्डनर म्हणजे एमईकेपी, एक पेरॉक्साइड. दिसतो पाण्यासारखा, पण डोळ्यात थेंब गेला तर नजर कायमची जाऊ शकते. पूर्ण बंद गॉगल लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही. उडालाच डोळ्यात, तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट दवाखाना. त्यामुळे पाण्याचा नळ कुठं आहे हे काम सुरू करायच्या आधी बघून ठेवा.

दुसरं, कोबाल्ट. काही दुकानात रेझिनसोबत जांभळट रंगाचं कोबाल्ट वेगळं देतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा आणि घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा.

तिसरं, स्टायरीन. रेझिनचा तो झोंबणारा वास त्याचाच. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ तो अडवत नाही. ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला मास्क लागतो. आणि इथं नागपूरचा प्रश्न येतो: स्टायरीनची वाफ ३१-३२ अंशांपासून ठिणगीने पेट घेऊ शकते. आपल्याकडे मार्चपासून दुपारी त्याहून जास्तच असतं. म्हणून फ्लॅटच्या बाल्कनीत, बंद गॅरेजमध्ये, गॅसच्या शेगडीजवळ हे काम नाही म्हणजे नाही. बेसात अजून लेआउटमध्ये मोकळे प्लॉट आहेत. कोणाला तरी विचारून तिथं सावलीत करा. सिगारेट लांब, लहान मुलं त्याहून लांब.

रेझिनचं घड्याळ

हार्डनर घातला की रेझिनची वेळ सुरू. २५ अंशांना साधारण १५-२० मिनिटं हाताशी असतात. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. म्हणजे ३५ ला वेळ निम्मा, ४५ ला त्याच्याही निम्मा. मेमध्ये चार-पाच मिनिटांत काय काय लावणार?

मग लोक हार्डनर अर्धा टक्का करतात. ते करू नका. वजनाच्या साधारण १ टक्क्याच्या खाली गेलं तर रेझिन वरून कडक वाटतं आणि आतून कच्चं राहतं. हिशोब असा: २०० ग्रॅम रेझिनला २ ते ४ ग्रॅम हार्डनर. गरमीत २, थंडीत ४. छोटा वजनकाटा वापरा, अंदाज नको. एका वेळी २०० ग्रॅमच कालवा, कारण मगात जास्त साठा असला की क्रियेची उष्णता बाहेर जात नाही. मग तापतो, धूर येतो, प्लास्टिक वितळतं. उरलेला तापलेला मग कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, मोकळ्या जमिनीवर गार होऊ द्या.

महिना कोणता? दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी चार. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नको. १५ अंशांखाली रेझिन नीट धरत नाही. पावसाळ्यातही नको, मॅट ओल धरते.

काम कसं चालतं

कोपऱ्यातलं प्लास्टिक ट्रिम काढा. जागेवर मास्किंग टेपचे दोन थर आडवे-उभे लावा, त्यावर फॉइल. आजूबाजूला मोठं प्लास्टिक पसरा. गाडीच्या कार्पेटवर पडलेलं रेझिन निघत नाही. मॅटचे हाताने फाडलेले तळहाताएवढे तुकडे लावा. फाडलेली कड एकमेकांत मिसळते, कात्रीने कापलेली उठून राहते. ब्रशने घासू नका, टिपा. पांढरी मॅट पारदर्शक झाली की भिजली. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढा.

दोन-तीन थर गाडीत, सगळी दारं आणि डिकी उघडी ठेवून. ते कडक झाले की साचा बाहेर काढा आणि उरलेले थर मोकळ्या हवेत चढवा.

मग एमडीएफची रिंग लाकडी काड्यांवर टेकवून सबवुफरचा चेहरा जिथं हवा तिथं बसवा. त्यावर फ्लीस ताणून स्टेपल करा आणि रेझिनने भिजवा. तो कडक झाल्यावर आतून-बाहेरून मॅटचे थर. फक्त फ्लीसवर थांबू नका, ती भिंत थरथरते आणि बेस खाते. बोटाने ठोकून बघा: टणक "टक" आला तर ठीक, डब्यासारखा "ढब" आला तर अजून थर. मोठा सपाट भाग ठेवू नका. वळणदार भिंत त्याच जाडीत जास्त ताठ असते.

आता लिटर मोजायचे. आपल्याकडे त्यासाठी भारी साधन आहे: मुरमुरे! एक लिटरच्या मापाने सबवुफरच्या भोकातून ओता आणि मोजा. सबवुफरचा मागचा भाग स्वतः एक-दीड लिटर जागा खातो, म्हणून २० हवे असतील तर साडेएकवीस भरले पाहिजेत. ते मुरमुरे नंतर कुणालाही खायला देऊ नका, पाखरांनाही नाही. पुट्टी आणि पॉलिशपेपर या मोजणीनंतरच. घासताना एन-९५, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेची धूळ खाजवते आणि छातीत जाते.

गाडीत बसवण्याआधी एक आठवडा

उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत ६० अंशांपुढे सहज जातं. कच्चा बॉक्स त्यात मऊ पडतो आणि तुम्ही आत बसून स्टायरीन घेत राहता. म्हणून बॉक्स आधी आठवडाभर बाहेर ऊन-वाऱ्यात ठेवा. नाक आत घातलं तरी वास येत नाही, तेव्हा तयार.

सबवुफर गॅस्केटसह कसा. हळू आवाजात ३० हर्ट्झचा टोन लावा आणि सांध्यांजवळून उदबत्ती फिरवा. धूर फडफडला तिथं हवा गळते. आतून बंद करा.

बॉक्स गाडीला घट्ट बांधा. जोरात ब्रेक लागला तर दहा किलोचा बॉक्स मागच्या सीटवर येऊ शकतो. नवीन भोकं पाडू नका, बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी तिथंच खाली असते. आधीपासूनचे बोल्ट वापरा. स्टेपनी आणि टेललॅम्पचा बल्ब बदलता येईल असंच बसवा.

वायरिंगचं एकच सांगतो. ३०० वॉट आरएमएसचा क्लास-डी अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात २७ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला शोभेल अशी शुद्ध तांब्याची वायर, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. फ्यूज अॅम्प्लिफायरसाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. नवीन गाडी असेल तर वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

"थर्माकोल कोरून त्यावर थेट मॅट लावली तर?" पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खातं, सगळा आकार विरघळतो. मध्ये फॉइल आणि टेपचा पूर्ण थर लागेल.

"किती जोरात वाजवायचं?" जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे, ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, त्याहून मोठा आवाज असेल तर वेळ झपाट्याने कमी. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल. बेस काचेतून आणि भिंतीतून जातो. सोसायटीच्या गेटवर आवाज खाली करा, काकू झोपल्या असतात.

तर एकूण क्रम असा: डेटाशीट, लिटर, गॉगल, मग रेझिन. शेवटचे दोन उलटे करू नका.

तुमच्या सबवुफरचे तीन आकडे आणि गाडीचं मॉडेल पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये काहींचे लिटर काढून दाखवतो. तोवर कान आणि डोळे सांभाळा. भेटू!