अळंबीच्या बीजाणूची तीन शतके

अळंबी पावसाने फुगते, उन्हाने आक्रसते, एका दिवसात रंगही पालटते. तिचा बीजाणू मात्र आकार सहसा सोडत नाही. म्हणूनच अळंबी ओळखणाऱ्यांची भिस्त मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या या कणावर राहिली.

सुरुवात फ्लॉरेन्सला झाली. तिथल्या पिएर अंतोनिओ मिकेली याने १७२९च्या ग्रंथात बीजाणूंचे वर्णन केले. ते खरबुजाच्या फोडींवर पेरून त्यांतून बुरशी वाढते हेही सांगितले. पुढे १८२१पासून स्वीडनच्या एलियास फ्रीसने छत्रीखाली पडदे असणाऱ्या अळंब्यांची विभागणी बीजाणूंच्या रंगावरून केली : पांढरे, गुलाबी, तपकिरी, जांभळट, काळे. त्यासाठी छत्री कागदावर रात्रभर ठेवून खाली पडलेली बीजाणूंची भुकटी पाहिली की पुरे. सूक्ष्मदर्शकावर फ्रीसचा फारसा भर नव्हता.

ती उणीव फ्रेंचांनी भरून काढली. १८३७मध्ये लेव्हेयेने दाखवले, की हे बीजाणू पिशवीत नसतात. खास पेशीच्या टोकावर, बहुधा चार-चार, धरतात. शतकाच्या अखेरीस पातुयारने सूक्ष्म रचनेलाच वर्गीकरणाचा पाया केले. मग लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, टोकाचे छिद्र, पृष्ठभागावरचे काटे यांची नोंद अपरिहार्य झाली.

१९२४मध्ये चेक अभ्यासक मेल्झर याने आयोडीनचे द्रावण वापरात आणले. त्यात रसुला या अळंब्यांच्या बीजाणूंवरचे काटे आणि जाळी निळ्या-काळ्या रंगात उठून दिसतात. प्राणघातक ‘डेथ कॅप’चे बीजाणू निळसर होतात, तिच्याच अमॅनिटा प्रजातीतल्या, खाल्ल्या जाणाऱ्या ‘सीझर’ अळंबीचे होत नाहीत.

डीएनएने या साक्षीची मर्यादाही दाखवली. काळ्या बीजाणूंच्या, शाईसारख्या विरघळणाऱ्या अळंब्या कोप्रिनस या एकाच प्रजातीत होत्या. २००१मध्ये ती फोडावी लागली. त्यांतली झुपकेदार कोप्रिनस कोमाटस बटण मशरूमच्या गोतातली निघाली. २०१२मध्ये डीएनएचा आयटीएस हा तुकडा बुरश्यांचा अधिकृत ‘बारकोड’ ठरला.

तरीही बीजाणू निकालात निघालेला नाही. नातेगोते डीएनए ठरवतो. समोरच्या अळंबीची पहिली चाळणी अजून बीजाणूच करतो. पावसाळ्यात हिरवळीवर उगवणारी विषारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस खाद्य छत्र्यांसारखीच दिसते. कागदावर पडलेली हिरवट भुकटी तिला उघडे पाडते. उलट, डेथ कॅपची भुकटी पांढरीच असते. तेव्हा बीजाणूवरून ओळखीची दिशा घ्यावी, खाण्याची परवानगी नव्हे.