कोटणीसांचं नाव लिहिताना

मोहोळच्या एका महाविद्यालयात चीनवरच्या सप्ताहाची तयारी चालली आहे. लाल पतंगी कागदाचे कंदील टांगून झालेत, पण गर्दी आहे ती कोपऱ्यातल्या टेबलाभोवती. तिथे बी.ए.ची एक मुलगी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव कुंचल्यानं लिहितेय.

नाव तीन अक्षरांचं. पहिल्याला 9 रेघा, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 6. पहिल्या दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला झाडाचं चिन्ह येतं. आधी आडवी रेघ, मग उभी, मग डावीकडे उतरती तिरपी आणि शेवटी उजवीकडे छोटासा फटकारा. अडतं ते उभ्या रेघेपाशी. देवनागरीत ती शिरोरेघेपासून खाली लोंबते. इथे ती आडव्या रेघेच्या वरून सुरू होऊन तिला छेदत उतरते. मुलीचा हात पुन्हा पुन्हा आडव्या रेघेखालीच टेकतो. रद्द कागदांचा ढीग वाढतोय आणि कुणालाही घाई नाही.

परदेशाच्या नावानं होणारे सप्ताह बहुधा पोशाख आणि खाद्यपदार्थांवर उरकतात. इथल्या मुलांनी चीनला जायची वाट सोलापुरातून काढली, हे मला फार मोलाचं वाटतं. कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसनं 1938 मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईहून निघालेला लाल दोरा हाँगकाँग, हांकौ, चुंगकिंग असा टाचण्यांना वळसे घेत येनानला पोचतो. तिथून पुढे उत्तरेकडच्या आघाडीवर कोटणीसांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. बाकीचे चौघे मायदेशी परतले.

हा मजकूर फलकावर उतरवणारा मुलगा चौघांची नावंही कोटणीसांच्याच मापाच्या अक्षरांत लिहितोय. जागा पुरत नाही, म्हणून त्यानं वरची नक्षी खोडली. बरं केलं.

व्ही. शांतारामांचा 1946 चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ शेवटच्या दिवशी दाखवायचा आहे. वेळ दुपारची होती, ती सकाळची केली. खेड्यांवरच्या मुलामुलींना एसटी गाठायची असते, आणि चित्रपट अर्धा सोडून कुणी उठायला नको.