आपले कब-बुलबुल आणि स्काऊट-गाईड : काल आणि आज



आठवड्यातून एकदा शेवटच्या तासाला आपल्या मैदानावर पोरं गोल करून उभी राहतात. गळ्यात स्कार्फ, डोक्यावर टोपी, हातात दोरी. शिट्टी वाजली की सगळी चिडीचूप! रस्त्याने जाणारे लोक थांबून विचारतात, "ही कवायत आहे का?" "हे करून मार्क वाढतात का?" म्हणून हे स्काऊट-गाईड काय असते, कुठून आले, त्यात काय काय बदलले आणि ते चालवायला कोण लागते, हे या लेखात सांगायचे ठरवले आहे.

सुरुवात कशी झाली?

स्काऊट म्हणजे पुढे जाऊन माहिती काढून आणणारा, टेहळणी करणारा. ही चळवळ सुरू केली लॉर्ड बेडन पॉवेल यांनी. ते इंग्रज सैन्यात अधिकारी होते. दक्षिण आफ्रिकेत १८९९-१९०० साली मॅफेकिंग गावाला वेढा पडला, तेव्हा तिथल्या पोरांनी निरोप पोचवण्याचे काम चोख केले. मुलांवर विश्वास टाकला की मुले जबाबदारी पेलतात, हे त्यांच्या मनात ठसले. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडजवळच्या ब्राउन्सी बेटावर मुलांचे शिबिर घेतले. त्यात श्रीमंतांची पोरं आणि कामकऱ्यांची पोरं एकाच तंबूत राहिली. १९०८ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि ते वाचून मुलांनी आपणहून गट बनवले. मग मुलीही म्हणाल्या, आम्ही का मागे? त्यांच्यासाठी १९१० साली गाईड सुरू झाले. आज ही चळवळ जगातल्या १७० हून अधिक देशांत पोचली आहे.

भारतात आणि आपल्या शेजारी

भारतात पहिले स्काऊट पथक १९०९ साली बंगलोरला निघाले. पण ते फक्त गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. गाईडचे पहिले काम १९११ साली जबलपूरला सुरू झाले. जबलपूर काही फार दूर नाही. गोंदियाच्या स्टेशनवरून बालाघाटमार्गे तिकडे गाडी जाते.

आपल्या देशातल्या मुलांना प्रवेश नाही, हे अनेकांना खुपले. १९१६ च्या सुमारास पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू, डॉ. अ‍ॅनी बेझंट, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस अशा मंडळींनी भारतीय मुलांसाठी पथके काढली. यांपैकी व्हिव्हियन बोस तर नागपूरचे. ते पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. एवढा मोठा माणूस मुलांच्या कामाला वेळ काढत असे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात एकापेक्षा जास्त स्काऊट संस्था होत्या. त्या एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एक संस्था झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडही तीत सामील झाल्या. म्हणून ७ नोव्हेंबर हा आपला स्थापना दिवस. बेडन पॉवेल यांचा जन्मदिवस २२ फेब्रुवारी. तो जगभर चिंतन दिन म्हणून पाळतात.

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी आपल्या तालुक्यांचे सगळे काम भंडाऱ्याशी जोडलेले होते.

वैनगंगेचा मोगली

आता एक गंमत सांगतो. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना 'कब' म्हणतात. कब म्हणजे लांडग्याचे पिल्लू. १९१६ साली लहानांचा हा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याला रुडयार्ड किपलिंग यांच्या 'जंगल बुक' या पुस्तकातल्या गोष्टीचा आधार घेतला. त्यातला मोगली कुठला? शिवनीच्या डोंगरातला! आणि त्या गोष्टीतली नदी कोणती? आपली वैनगंगा! शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटकडून येणारी आणि तिरोडा तालुक्याच्या कडेने पुढे भंडाऱ्याकडे जाणारी.

लंडनचा कब असो की जपानचा, तो आपल्या पॅकच्या मोठ्या माणसाला 'अकेला' म्हणायला शिकतो. बल्लू, बघीरा, शेरखान ही नावे त्याला पाठ करावी लागतात. आपल्याला पाठ करायची गरज नाही. भालू आणि वाघ नागझिऱ्यात आहेत, आणि नदी तर घरचीच आहे.

लहान मुलींना 'बुलबुल' म्हणतात. दहा वर्षांनंतर मुलगा स्काऊट आणि मुलगी गाईड होते.

आठवड्याच्या तासाला काय होते?

कबच्या पॅकमध्ये सहा-सहा मुलांचे गट असतात, त्याला षटक म्हणतात. षटकाचा प्रमुख तो सिक्सर. स्काऊटमध्ये सहा ते आठ मुलांचा संघ आणि त्याचा संघनायक. काम वाटून द्यायचे ते संघनायकाने. संघनायकांची बैठक भरते आणि पुढे काय करायचे ते मुलेच ठरवतात. गुरुजी बाजूला बसून ऐकतात. चुकत असेल तरच बोलतात.

सुरुवातीला झेंडा व प्रार्थना. मग तपासणी : नखे, केस, दात, रुमाल. मग एक खेळ, एक गोष्ट, एक नवीन शिकणे. शेवटी झेंडा उतरवून घरी. कबचे नियम दोनच : मोठ्यांचा मान ठेवायचा आणि स्वच्छ व नम्र राहायचे. स्काऊट-गाईडचे नियम नऊ आहेत. त्यात विश्वासूपणा, शिस्त, धैर्य, काटकसर, प्राण्यांवर प्रेम हे सगळे येते. रोज एक तरी चांगले काम करायचे, हा तर पहिला धडा. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि चांगले काम झाल्यावरच ती सोडायची, अशी जुनी युक्ती आहे.

गाठींचा उपयोग काय, असे पुष्कळ जण विचारतात. बैल खुंट्याला बांधायला, मांडवाचे बांबू जोडायला, विहिरीत घागर सोडायला गाठच लागते. आपल्या शेतकरी बाबांना त्या आधीच येतात. फक्त नावे वेगळी. एक गाठ अशी आहे की तिचा फास आवळत नाही. बुडणाऱ्याच्या काखेखाली ती बांधून त्याला ओढता येते. ती ज्याला येते तो एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव वाचवील.

काय काय बदलले?

पहिला बदल प्रतिज्ञेचा. इंग्रजांच्या राज्यात राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. आता आपण देशाप्रती कर्तव्याची प्रतिज्ञा घेतो.

दुसरा बदल गणवेशाचा. पूर्वी स्काऊट म्हटले की खाकी हाफ पँट डोळ्यांपुढे येई. आता करडा शर्ट व गडद निळी पँट आली. स्कार्फ मात्र तोच राहिला. तो नुसता शोभेचा नाही. हात मोडला तर त्याची झोळी होते, डोक्याला लागले तर पट्टी होते.

तिसरा बदल जंगलाचा. पूर्वी शिबिर म्हटले की झाडे तोडून तंबूचे खांब आणि शेकोटीला ढीगभर लाकूड. आता कुणी तसे शिकवत नाही. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. शिबिरात आता झाडे ओळखायची, पक्षी मोजायचे आणि आपला कचरा आपणच परत आणायचा. आपल्या जिल्ह्यात सारस पक्षी आहे. महाराष्ट्रात तो फार थोड्या ठिकाणी उरला आहे. तो धानाच्या बांधीत आणि बोडीच्या काठी घरटे करतो. घरटे दिसले तर जवळ जायचे नाही, अंडी हाताळायची नाहीत आणि मोठ्यांना कळवायचे. हा नियम आता प्रत्येक कबला ठाऊक असायला पाहिजे.

चौथा बदल सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तो प्रथमोपचाराचा.

साप चावला तर काय करावे? जुन्या पुस्तकांत लिहिले असे : वर दोरीने करकचून बांधा, ब्लेडने काप द्या, विष चोखून थुंका. पुष्कळ मोठ्या माणसांना आजही तेच पाठ आहे. पण हे चुकीचे ठरले आहे! करकचून बांधल्याने रक्त अडते आणि हातपाय कायमचा निकामी होऊ शकतो. कापल्याने रक्तस्राव होतो. चोखून विष निघत नाही. आता शिकवतात ते असे :

१. माणसाला धीर द्यायचा. त्याला चालू किंवा पळू द्यायचे नाही.
२. अंगठी, कडे, जोडवी, घड्याळ लगेच काढायचे, कारण सूज येते.
३. चावलेला हात किंवा पाय फळीला किंवा काठीला सैल बांधून स्थिर ठेवायचा. मोडलेल्या हाडाला बांधतात तसा.
४. १०८ नंबरला फोन करायचा. गाडी मिळेल त्या गाडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात न्यायचे.
५. सापाच्या मागे लागायचे नाही. मंत्र, जडीबुटी यांत वेळ घालवायचा नाही. सापाच्या विषावर सर्पविषप्रतिबंधक लस हेच औषध आहे.

रोवणीच्या दिवसांत आपली माय चिखलात वाकून धान लावते. बाबा रात्री धुऱ्यावरून पाणी बघायला जातात. नाग, घोणस, मण्यार हे तिथेच असतात. मण्यार तर रात्री घरात येऊन जमिनीवर झोपलेल्यालाही चावतो आणि दुखणे इतके कमी असते की कळतही नाही. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी लावून झोपावे आणि अंधारात बॅटरीशिवाय जाऊ नये. ही गोष्ट एका पोराने घरी जाऊन सांगितली तरी त्या दिवसाचा तास फुकट गेला नाही.

तसेच पाण्याचे. कुणी तलावात बुडत असेल तर उडी मारायची नाही, असे आता मुलांना बजावतात. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. ओरडून मोठ्यांना बोलवा. काठावरून बांबू, दोरी, लुगडे, हवेने भरलेला ट्यूब काहीही टाका. भाजले तर टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. थंड पाणी भरपूर ओता.

पाचवा बदल शिबिराच्या नियमांचा. पूर्वी गुरुजी म्हणाले की पोरं निघाली. आता पालकांची लेखी संमती घेतात, मुलांचे आजार-औषधे लिहून घेतात आणि मुलींच्या शिबिराला बाई सोबत असतातच. काहींना हा कागदांचा ताप वाटतो. पण लेकरू आपले असेल तर तो ताप बरा.

हे चालवते कोण?

इथेच खरी अडचण आहे. कब, बुलबुल, स्काऊट, गाईड या प्रत्येक विभागाला एक मोठा माणूस लागतो. आपल्याकडे बहुतेक शिक्षकच ते काम करतात. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि पुढच्या पायरीला हिमालय वुड बॅज मिळतो. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. शिकवणे, खिचडीचा हिशोब, सर्वेक्षणे, निवडणुकीचे काम हे सगळे सांभाळून हा तास घ्यायचा. याचा वेगळा पगार नाही.

म्हणून होते असे की, एखाद्या शाळेत उत्साही गुरुजी असतात, पथक जोरात चालते. मग त्यांची बदली होते. स्कार्फ पेटीत जातात, झेंड्याला कसर लागते, आणि प्रवेश परीक्षेपर्यंत पोचलेली मुले तिथेच थांबतात. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशा पायऱ्या आहेत. मधली एक पायरी निघाली तर वर कसे चढणार?

एका माणसावर उभे केलेले काम त्याच्याबरोबर जाते. पाच माणसांवर उभे केले तर टिकते.

पालकांना विनंती

पालकहो, तुम्हाला शिट्टी वाजवता आली पाहिजे असे नाही. ज्यांना दोर वळता येतो त्यांनी एक तास गाठी शिकवाव्या. ज्यांना जंगल ठाऊक आहे त्यांनी पाऊलखुणा दाखवाव्या. आशाताईंनी पट्टी बांधून दाखवावी. आजीने मोहाच्या झाडाखाली बसून गोष्ट सांगावी. जे माजी विद्यार्थी कॉलेजात जातात त्यांनी शनिवारी येऊन खेळ घ्यावेत. तरुणांसाठी रोव्हर-रेंजर हा विभागही आहे.

नव्या गणवेशाला पैसे नसतील तर पोराला घरी ठेवू नका. मोठ्या भावाचा स्कार्फ धाकट्याला चालतो. शिवाय 'खरी कमाई' नावाचा उपक्रम आहे. मुले शेजाऱ्यांचे छोटे काम करतात आणि मिळालेले पैसे जमा करतात. कष्टाचा पैसा काय असतो हे त्यातून कळते.

मित्रांनो, आपले ब्रीद आहे 'तयार राहा'. तयार राहायचे ते बक्षिसासाठी नाही. बांधीत कुणाला साप चावला, तलावात कुणी घसरले, रस्त्यात म्हातारे माणूस पडले, तर त्या वेळी घाबरून न जाता काय करायचे ते हाताला ठाऊक असावे, यासाठी.

पुढच्या तासाला नक्की या. येताना दीड हात दोरी आणि एक स्वच्छ रुमाल घेऊन या.