किल्ली एकाच्याच खिशात नको : मंडळाचा पासवर्ड पाच जणांत कसा वाटायचा?

माळशिरस तालुक्यातल्या वस्त्यांवर काम करताना आम्हाला एक गोष्ट सारखी दिसते. विहाराच्या जागेचे कागद, जयंतीचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी आता ऑनलाइन असते. पण पासवर्ड एकाच कार्यकर्त्याकडे असतो. तो आजारी पडला, पुण्याला गेला किंवा रुसला, की सगळे अडते. एका मंडळात हे आम्ही स्वतः भोगले आहे. बरे, पासवर्ड सगळ्यांना दिला, तर कोणीही एकटा सगळे पुसू शकतो.

यावरचा उपाय १९७९ साली आदी शमीर आणि जॉर्ज ब्लेकली या दोघांनी स्वतंत्रपणे मांडला. गुपिताचे पाच हिस्से करायचे. कोणतेही तीन एकत्र आले तरच ते उघडते.

हे पासवर्डचे तुकडे करणे नव्हे. तुकड्यांपैकी एक चिठ्ठी हरवली तर सगळेच गेले. इथे गणित आहे. समजा गुपित ७ आहे. दर पायरीला ४ मिळवले : ११, १५, १९. हे तीन आकडे तिघांना द्या. ४ कोणालाच सांगू नका. पहिला आणि तिसरा भेटले, तर दोन पायऱ्यांत ८ चा फरक, म्हणजे एका पायरीला ४. ११ मधून ४ गेले, उरले ७. एकट्या ११ वरून मात्र गुपित सापडत नाही. ही दोघांची अट झाली. तिघांची हवी, तर सरळ रेषेऐवजी वक्र रेषा घेतात. सॉफ्टवेअर याहून पक्के गणित वापरते.

‘एसएसएसएस’ हे लिनक्सवरचे मोफत सॉफ्टवेअर हेच करते. हिस्से किती आणि लागतील किती, एवढे सांगायचे. इंटरनेट बंद ठेवूनच करा. हिस्से कागदावर लिहा, व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तीन हिस्से जोडून आधी एकदा तपासा. पदाधिकारी बदलले, की पासवर्ड बदलून नव्याने वाटा. हिस्सेदारांत महिला आणि तरुण असू द्या.

व्यक्तिपूजा हा अधःपतनाचा आणि हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. तो इशारा राजकारणाबद्दल होता. पण मंडळाची किल्ली एकाच्याच खिशात राहिली, तर सुरुवात तिथूनच होते. पुढच्या बैठकीत एवढेच विचारा : आपला पासवर्ड कोणाकडे आहे?